बाळाचे गाल कोरडे पडले की आधी काय थांबवायचं, मग काय लावायचं

सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी साडेतीन महिन्यांची. डिसेंबर सरता सरता दोन्ही गाल खरबरीत झाले. आता संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत हात फिरवला की खसखशीसारखं लागतं, भुवयांच्या वर पांढरे पापुद्रे दिसतात. सासूबाई म्हणतात, मसुरीचं पीठ सायीत कालवून चोळलं की आठ दिवसांत चेहरा साफ होईल. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली आहे, "रात्री थोडी लावा, गुण येईल" म्हणून. शेजारच्या काकू म्हणतात, अंगावरचं दूध उष्ण पडतंय. बाळ दूध नीट पितं, वजन वाढतंय, खेळतं. तर नक्की काय लावू?

ताई, आधी ती ट्यूब बाजूला ठेवा. टाकून देऊ नका, फक्त लावू नका. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. आणि एक दिलासा: बाळ पितंय, वाढतंय, हसतंय, म्हणजे निम्म्याहून जास्त काळजी तुम्ही आत्ताच सोडू शकता. सव्वीस वर्षं सोलापुरात मुलं तपासते आहे. संक्रांतीच्या आगेमागे माझ्याकडे असे गाल घेऊन रोज दोन-तीन बाळं येतात. त्यातल्या बहुतेकांना औषध लागत नाही. चेहऱ्यावर जे चाललंय त्यातलं काही थांबवावं लागतं.

बाळाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो आणि आतलं पाणी धरून ठेवायची त्याची ताकद अजून पुरती आलेली नसते. पोटात असताना ती कातडी सतत पाण्यात होती आणि तिच्यावर लोण्यासारखा पांढरा लेप होता. जन्मल्यावर लेप जातो, पाणी जातं आणि कोरडी हवा लागते. पहिल्या पंधरा दिवसांत बाळाची साल निघते ती यामुळेच, आणि दिवस उलटून जन्मलेल्या बाळांची जरा जास्तच निघते. ते सोलणं आपोआप थांबतं. दुसरी गोष्ट आंबटपणाची. जन्माच्या वेळी कातडीचा पीएच (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) सातच्या आसपास असतो, पुढच्या काही आठवड्यांत तो साडेपाचच्या आसपास उतरतो. कातडीचा हा सौम्य आंबटपणा जंतूंना दूर ठेवतो आणि वरचा थर घट्ट बांधून ठेवतो. आपल्या वडीच्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो. रोज सकाळी साबण लावला की जे बांधलं जातंय ते आपणच उसवतो.

चेहराच का, असं आया विचारतात. कारण अंगावर झबलं आहे, डोक्यावर कुंची आहे, पायात मोजे आहेत, आणि उघडा राहतो तो चेहराच. त्याच्यावरच दूध ओघळतं, लाळ गळते, दिवसातून वीसदा पदर फिरतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण पापा घेतो. त्यात आपली हवा. मुंबईत बाळंतपण करून आलेल्या मुली मला सांगतात की तिथे बाळाचा चेहरा लोण्यासारखा होता, इथे आल्यावर आठवड्यात गाल तडकले. त्यात त्यांची काही चूक नसते. थंडीतल्या सकाळी आपल्या ओठांना जे होतं तेच बाळाच्या गालांना होतं, फक्त जास्त लवकर.

आता तुमच्या बाळाला झालंय ते नुसतं कोरडेपण आहे की आणखी काही, हे ओळखू या. बाळाला खिडकीपाशी घेऊन बसा, ट्यूबलाइटखाली नको. गाल खरबरीत आहेत, पांढुरके पापुद्रे आहेत, पण खाली लाली नाही आणि बाळाला त्याचं काही वाटत नाही, तर ते साधं कोरडेपण. हनुवटी, ओठांच्या कडा आणि ज्या कुशीवर बाळ झोपतं त्या बाजूचा गाल तेवढाच लाल असेल तर ती लाळ आणि दूध. भुवयांवर, कानामागे आणि टाळूवर पिवळट, तेलकट, चिकट खपली असेल तर ते कोरडेपण नव्हेच. त्या डोक्यावरच्या खपलीचीच ती शाखा आहे, दिसायला वाईट पण निरुपद्रवी, आणि बहुतेक बाळांत पहिल्या वर्षात निघून जाते. न्हाणं घालायच्या तासभर आधी तिथे खोबरेल लावून ठेवायचं, मऊ ब्रशनं हलकेच सोडवायचं, धुवायचं. नखानं ओढून काढायची नाही. तुमच्या बाळाच्या भुवयांवरचे पापुद्रे तुम्ही पांढरे म्हणताय. ते बोटाला तेलकट लागतात की कोरडे, एवढं एकदा पाहा.

इसब वेगळा. तो साधारण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात डोकं वर काढतो आणि सुरुवात बहुधा गालांपासूनच करतो. गाल लालभडक, खरखरीत, मधूनच ओलसर. नाकाचा शेंडा आणि लंगोटाखालची जागा मात्र साधारण कोरी राहते. ही खूण फार उपयोगी आहे. एवढ्या लहान बाळाला खाजवता येत नाही, म्हणून ते खांद्यावर घेतलं की गाल तुमच्या कपड्यावर घासतं, झोपेत मान इकडून तिकडे घासत राहतं, रडत उठतं. घरात आई, बाबा, मोठं भावंड यांपैकी कुणाला दमा, सारखी शिंकांची सर्दी किंवा लहानपणचा इसब असेल तर संशय आणखी पक्का. आणि एक विसरू नका: गोल कडेचा, मध्ये निवळलेला डाग दिसला तर तो नायटा असू शकतो. घरातल्या कुणाच्या मांडीला किंवा कमरेला गजकर्ण असेल आणि तोच माणूस बाळाला कडेवर घेत असेल, तर तो बाळाच्या गालावर येतो. तिथे कोरडेपणाच्या क्रीमनं काही होत नाही, घरातल्या दोघांचाही उपचार एकदम करावा लागतो.

आता पिठाचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घराघरातला वाद इथेच असतो.

डाळीचं पीठ, साय, हळद यांचं चोळणं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि ते आजी करते ते मायेनंच. पूर्वी साबण महाग होता, तेलाची मालिश भरपूर व्हायची, ते जास्तीचं तेल उतरवायला पीठ लागायचं. मोठ्या माणसाच्या पाठीला ते चालतं. साडेतीन महिन्यांच्या गालावर मात्र तेच पीठ म्हणजे बारीक कांच. पीठ चिमटीत घेऊन तुमच्याच डोळ्याखालच्या कातडीवर चोळून बघा, लगेच कळेल. पीठ वरचा कोरडा थर खरवडतं, पापुद्रे निघतात, चेहरा अर्धा तास गुळगुळीत दिसतो, आणि सगळ्यांना वाटतं गुण आला. संध्याकाळपर्यंत गाल आधीपेक्षा जास्त ताणतात, कारण जो थर पाणी धरत होता तोच आपण काढला. मग दुसऱ्या दिवशी परत चोळायचं. असं आठ-दहा दिवस चाललेली बाळं मी पाहते तेव्हा गालांवर बारीक लाल रेघा असतात. एका बाळाच्या मानेच्या वळीत तर वाळलेलं पीठ तसंच राहून खालची कातडी सोललेली होती. ओल्या कापडानं मी ते सोडवत होते आणि आजी शेजारी उभी राहून डोळे पुसत होती. तिला रागावणं मला जमलं नाही. तिनं स्वतःची चार मुलं तशीच न्हाऊ घातली होती.

लव जावी म्हणून चोळतात, तेही नको. जन्मतः असलेली मऊ लव पहिल्या काही महिन्यांत स्वतःहून गळते. चोळल्यानं ती लवकर जात नाही आणि रंगही उजळत नाही. बाळाचा रंग आई-बापाकडून येतो, पिठाकडून नाही.

न्हाण्याकडे येते. आपल्याकडे बाळाचं पाणी फार कडक असतं. पाय लांब करून बसायचं, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, अंग लाल होईपर्यंत पाणी ओतायचं, म्हणजे बाळ गाढ झोपतं, असा समज. झोपतं खरं, पण कडक पाणी अंगावरची होती नव्हती ती चिकणाई घेऊन जातं. कोपर बुडवल्यावर गरमही लागू नये आणि गारही, साधारण ३७ अंश, इतकंच. पाच-सात मिनिटं पुरे. चेहऱ्याला साबण अजिबात नको, बेबी सोपही नको. साधं पाणी आणि तुमचा तळहात. अंगाला लावायचाच तर बगल, मान, जांघ एवढ्याच ठिकाणी, वास नसलेला सौम्य द्रव साबण, पीएच साडेपाचच्या जवळचा. डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

पाणी कोणतं घेता तेही बघा. महापालिकेचं पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येतं, म्हणून बऱ्याच घरांत न्हाणीघराला बोअर जोडलेला असतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट साबणाचा चिकट थर कातडीवर राहतो. बादलीच्या कडेला आणि हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो याच पाण्यातला. बाळापुरती एक बादली नळाच्या पाण्याची राखून ठेवता आली तर ठेवा. नाहीच जमलं तर निदान शेवटचे दोन तांबे आणि चेहरा नळाच्या पाण्यानं. पाणी मऊ करणारी महागडी यंत्रं मात्र यासाठी घेऊ नका. इसब असलेल्या मुलांवर ब्रिटनमध्ये त्याची पद्धतशीर चाचणी झाली, २०११ साली निकाल आला, जास्तीचा फायदा दिसला नाही.

मग पुसणं. आपलं गाव टॉवेलचं आणि चादरीचं, आणि बाळाला पहिला आहेर तोच येतो. पण नवा टर्किश टॉवेल आणि तोही बोअरच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेला, हाताला कसा कडक लागतो ते आठवा. चेहऱ्यासाठी आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा किंवा आजोबांच्या धोतराचा तुकडा काढा. पन्नास धुण्यांनी जो मऊपणा येतो तो विकत मिळत नाही. आणि पुसायचं नाही, टिपायचं. कापड गालावर ठेवा, दाबा, उचला. सोलापुरी चादरीत बाळाला गुंडाळत असाल तर आतून मलमलचं दुपटं घाला आणि चादरीची कड हनुवटीच्या खाली राहू द्या. एकाच गालावर लाली घेऊन आलेली कितीतरी बाळं नुसत्या चादरीची कड बदलून बरी झाली आहेत. लोकरीची कुंचीही तशीच, तिच्या आत सुती टोपी.

टिपून झालं की तीन मिनिटांच्या आत क्रीम. कातडी किंचित ओलसर असतानाच लावायचं, म्हणजे ते पाणी आत कोंडलं जातं. पूर्ण वाळल्यावर लावलं तर निम्मं काम वाया.

कोणतं? सगळ्यात साधं, सगळ्यात स्वस्त. बिनवासाची पेट्रोलियम जेली, किंवा ज्यावर व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन लिहिलंय असं बिनवासाचं क्रीम. "बेबी" लिहिलेल्या गुलाबी बाटल्यांत सुगंध असतो आणि सुगंध हाच पुष्कळदा चुरचुरण्याचं कारण असतो. युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेलं मोठ्यांचं क्रीम बाळाला नको. नवं क्रीम आधी एक दिवस दंडाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

किती आणि कसं, हे मी ओपीडीत प्रत्येक आईला करून दाखवते, इथे लिहून सांगते. तुमच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. या वयाच्या बाळाच्या चेहऱ्याला आणि मानेला ती एक रेघ पुरते. आधी हात धुवा, नखं आणि अंगठी बघा. क्रीम दोन्ही तळव्यांत पसरून ऊब येऊ द्या. मग कपाळ, दोन गाल, हनुवटी असे चार ठिपके, आणि नाकापासून कानाकडे, वरून खाली, लव ज्या दिशेला आहे त्या दिशेनं हात फिरवा. चोळून जिरवायचं नाही, अंगावर साय धरल्यासारखा पातळ थर दिसला पाहिजे. डोळ्यांच्या कडा आणि ओठांची आतली बाजू सोडा. डब्यातलं क्रीम असेल तर बोट बुडवू नका, धुतलेल्या चमच्यानं काढा. थंडीत दिवसातून तीन-चार वेळा लागेल. ओठांभोवती आणि हनुवटीवर मात्र पाजण्याच्या आधी आणि झोपण्याच्या आधी जेलीचा हात द्या, म्हणजे दूध आणि लाळ कातडीपर्यंत पोचणारच नाही. उन्हाळ्यात हे सगळं पातळ करा. एप्रिल-मेमध्ये आपला पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा जेलीचा जाड थर घाम अडवतो आणि घामोळं उठतं. तेव्हा हलकं क्रीम, दोनदा.

क्रीम हे कोरडेपणावरचं उत्तर आहे, इसब होऊ नये म्हणून घ्यायची लस नाही. ब्रिटनमध्ये जवळपास १४०० बाळांना घेऊन तपासलं गेलं, २०२० साली निष्कर्ष आला, की धडधाकट बाळांना वर्षभर रोज क्रीम लावूनही इसब टळत नाही. म्हणून गाल मऊ झाले की हात आवरता घ्या.

तेलाचं विचाराल. मालिशवाल्या मावशी आणतात ते तेल आधी बघा. खोबरेल चालेल, चेहऱ्यालाही चालेल. ते थंडीत थिजतं, तळव्यावर चोळलं की विरघळतं, गॅसवर तापवायची गरज नाही. सूर्यफुलाचं तेलही बाळांच्या कातडीला मानवतं असं अभ्यासांत दिसलंय. मोहरीचं तेल नको, आणि महाग असलं तरी ऑलिव्हचंही नको. या दोन्हींनी वरचा थर ढिला पडतो.

आणि शेंगदाण्याचं तेल तर अजिबात नको. हे मी सोलापुरात मुद्दाम ठासून सांगते, कारण घाण्याचं गोडेतेल आपल्या प्रत्येक घरात असतं. २००३ साली ब्रिटनमधल्या मुलांच्या अभ्यासात दिसलं की शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी अनेकांच्या कोरड्या, पुरळ उठलेल्या कातडीला तान्हेपणी शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली होती. फुटलेल्या कातडीतून शेंगदाणा आत गेला की शरीर त्याला शत्रू समजून बसतं. तोच शेंगदाणा योग्य वयात तोंडातून गेला की शरीर त्याला आपलं म्हणतं. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत चार ते अकरा महिन्यांच्या, ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित खाऊ घातले, तर पुढे ॲलर्जीचं प्रमाण खूपच कमी झालं. म्हणजे तुमची मुलगी सहा महिन्यांची होऊन वरचं खायला लागली की दाण्याचं अगदी बारीक कूट पेजेत मिसळून द्यायला हरकत नाही. इसब जोरात असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा कधीच नाही, तो घशात अडकतो. पण गालाला गोडेतेल नको, आणि शेंगाची चटणी कुटलेला हात न धुता बाळाला लावू नका.

आता ती ट्यूब. खोक्यावर बारीक अक्षरात बघा: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही आहे का? असेल तर ते स्टेरॉईड आहे. पुष्कळदा त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं आणि जंतूंचं औषधही मिसळलेलं असतं, "काहीही असो, एकात सगळं" म्हणून. चिठ्ठीशिवाय अशी मलमं विकू नयेत म्हणून २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉईडांवर नियम कडक केला, तरी ती काउंटरवरून हातोहात जातात. मेडिकलवाल्याचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. दोन दिवसांत गाल गुळगुळीत होतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण बाळाची कातडी पातळ, त्यातून औषध आत जास्त शिरतं, आणि चेहऱ्यावर महिनाभर वापरलं तर कातडी आणखी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात. मागे एक पाच महिन्यांचं बाळ आलं होतं. सहा आठवडे अशीच ट्यूब चालली होती. लावलं की गोरं, थांबवलं की लाल. गाल कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे झालेले. सुधारायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत त्या आईनं स्वतःला किती दोष दिला ते मी बघितलंय.

तुम्ही चार-पाच दिवसच लावली असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, बंद करा. जास्त दिवस झाले असतील तर बंद केल्यावर गाल एकदम भडकू शकतात. तसं झालं तर परत तीच लावू नका, थेट दाखवायला या. आणि हेही लिहून ठेवते: इसब असेल तर मी स्वतः सौम्य स्टेरॉईड देते, एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, थोडे दिवस, मोजून. डॉक्टरांनी बघून दिलेलं असेल तर भिऊन अर्धवट सोडू नका. अर्धवट उपचारानं इसब रेंगाळतो आणि बाळ रात्र-रात्र जागतं.

दूध उष्ण पडत नाही, ताई. अंगावरच्या दुधानं गाल कोरडे पडत नाहीत. तुम्ही तिखट खाल्लंत, शेंगाची चटणी खाल्लीत, म्हणून हे झालेलं नाही. कुणाच्या सांगण्यावरून वांगं, दही, अंडं सोडू नका, बाळंतिणीला पोटभर जेवण लागतं. आणि कातडी कोरडी दिसते म्हणून बाळाला वरचं पाणी पाजू नका, उन्हाळ्यातही नाही. दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. सहा महिने तेच पुरतं. गालावर दूध लावून ठेवणंही नको. त्यानं ओल टिकत नाही, वाळलं की उलट ताणतं.

घरातल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. वेखंडाची पूड आणि टाल्कम पावडर बंद. दोन्ही कातडी कोरडी करतात आणि श्वासातून आत जातात. धुरी नको. ओवा असो की लसणाची सालं, धूर तो धूरच. शेक हवाच असेल तर हातपायांना, तव्यावर तापवलेल्या फडक्यानं, आणि चेहऱ्याला नाही. पॅराफिनचं क्रीम कपड्यांत मुरलं की ते कपडे लवकर पेटतात, म्हणून क्रीम लावलेल्या बाळाला शेगडी, समई, गॅस यांच्याजवळ नेऊ नका. काजळ डोळ्यात नको, तीट लावायचीच तर तळपायाला. पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर नको. नखं दर चार-पाच दिवसांनी, झोपेत असताना कापा. आपल्या पूर्व भागात हजारो बायका घरी विड्या वळतात. घरात सूप आणि तंबाखू असेल तर ते बाळाच्या खोलीत नको, आणि उठल्यावर हात साबणानं धुऊन, पदर बदलून मगच बाळाला घ्या. तंबाखूची भुकटी गालाला झोंबते, नाकातही जाते. ज्याच्या ओठावर पाण्याचे फोड आलेत त्यानं पापा घेऊ नये, मग तो मामा असो की आजोबा. त्यातली नागीण-जातीची लागण तान्ह्या बाळाला जिवावरची ठरू शकते.

कधी थांबायचं नाही, तेही सांगते. गालावर पिवळी मधासारखी खपली धरली, पाणी सुटलं, किंवा घोसानं एकसारखे बारीक फोड आले, तर त्याच दिवशी दाखवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ म्हणजे ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर कातडीचं सोडा, रात्र असली तरी दवाखाना गाठा. तुमचं बाळ तीन महिन्यांच्या पुढचं आहे, तरी तापासोबत पुरळ किंवा मरगळ असेल तर तोच नियम. दूध सोडलं, लघवी कमी झाली, टाळू खोल गेली, तर हा कोरडेपणा वेगळा आहे. कोरड्या कातडीबरोबर बाळ सुस्त, शौचाला घट्ट, चेहरा सुजरा, कावीळ लांबलेली असं असेल तर थायरॉईडची तपासणी लगेच करायची. तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी एकाच वेळी लाल चट्टे, सोबत जुलाब, केस गळणं, तर झिंक कमी पडतंय का ते पाहायचं. आणि जन्मापासूनच अंगभर माशाच्या खवल्यांसारखी कातडी असेल तर ते घरगुती उपायांचं काम नाही. ही कारणं विरळाच, पण मी प्रत्येक कोरड्या गालामागे ती मनात एकदा चाळून बघते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलीला साधं कोरडेपण आणि भुवयांवर थोडी खपली असावी असं मला वाटतं. आज खिडकीच्या उजेडात एक फोटो काढून ठेवा. पीठ, साबण, पावडर, ट्यूब बंद. कोमट पाणी, मऊ कापड, जेली, एवढंच दहा दिवस करा. चौथ्या-पाचव्या दिवशी हाताला फरक लागेल, डोळ्याला दिसायला आठवडा जाईल. दहाव्या दिवशी त्याच खिडकीत दुसरा फोटो काढा. निम्मंही सुधारलं नसेल, लाली वाढली असेल किंवा बाळ गाल घासायला लागलं असेल तर घेऊन या. सिव्हिलला बालरोग आणि त्वचारोग असे दोन्ही विभाग आहेत, तिथे दाखवलंत तरी उत्तम. फक्त येताना ती ट्यूब खोक्यासकट आणा आणि सासूबाईंनाही सोबत घ्या. न्हाऊ त्या घालतात, तेव्हा क्रीम कसं लावायचं ते त्यांच्याच हाताला दाखवलेलं बरं.